फावडं ओळखलं, झाड नाही

मेंदूत शिरलेल्या तापातून माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, उठले तेव्हा बोलायला-चालायला चांगले होते. डॉक्टरांनी त्यांना चित्रं दाखवली. विळा, पाना, कात्री, सगळं बराबर सांगितलं. कोंबडीला मात्र "काहीतरी जितराब हाय" म्हणाले, आणि मोसंबीच्या चित्राला नुसतंच "गोल". टेंभुर्णीच्या शिवारात चाळीस वर्षं मोसंबी पिकवलेला माणूस! डॉक्टर म्हणाले, मेंदू अवजारं एकीकडे ओळखतो, झाडं-जनावरं दुसरीकडे. यांची ती दुसरी बाजू दुखावली आहे. बोललेलं सगळं कळेल, नुसतं पाहून कळणार नाही.

चार महिने मी त्यांना शहरात, मस्तगडातल्या माझ्या दोन खोल्यांत सांभाळलं. रोज ताटावर बसलं की, "हे काय हाय?" वांगं, दादा. भेंडी, दादा. सांगता सांगता ऑफिसला उशीर व्हायचा. मी कंटाळले होते, खोटं कशाला बोलू?

बाग शेजारच्या शेतातल्या काकांना बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं कसायला द्यायचं जवळपास ठरलं होतं. पण एकदा दादांना तिथं नेऊन बघू, ओळख पटली तर देणार नाही, असा माझा हट्ट. तेव्हा बाग ताणावर होती. मोसंबीचं पाणी महिना-दीड महिना तोडतात; पानं पिवळी पडून गळली की मग पाणी, मग फूल. मधेच पाणी दिलं तर नुसती पालवी फुटते.

दादांनी झाडाला हात लावला, पान न्याहाळलं, आणि माझ्याकडे पाहिलं. काही नाही. मी बांधावर बसले. तेवढ्यात त्यांना फावडं दिसलं. ते उचललं, मोटारीच्या स्टार्टरचं बटण दाबलं आणि झाडाभोवतीचं एकेक आळं फोडून पाणी आत घेत निघाले. हात असे चालत होते की आजार कुणाला झाला होता, असं वाटावं. थांबवायला हवं होतं, मला ताण माहीत होता. पण चार महिन्यांत पहिल्यांदा ते मला काही विचारत नव्हते. मी बसून राहिले.

काका ओरडतच आले. "ताणाच्या मोसंबीला पाणी कोणं सोडलं?"

"मी सोडलं," मी म्हणाले.

दादा चिखलात उभे, हातात फावडं; आपण भिजवली ती झाडं मोसंबीची, हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझ्यावर असे कडाडले, जसे मी शाळेत असताना कडाडायचे. "अक्कल हाय का तुला? पानगळ झाल्याबिगर पाणी देतेत का? समदा बहार घालवला की!" एकेक शब्द बिलकुल खरा होता. मी मान खाली घालून ऐकत होते आणि रडू आवरत नव्हतं.

मग त्यांचा आवाज खाली आला. "मोसंबीचं कळत न्हाई तं मला इचारत जाय."

"विचारीन, दादा," मी म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागून काकांना खूण केली, बाग तुम्हीच घ्या.