इंपेलरला बांधलेला टॅग

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या समजूतदारपणाची वाट बघायला नको.

माझ्या मोठ्या दिरांची, म्हणजे दादांची, एक छोटी बोट आहे. दादा सगळा जन्म जहाजावर होते, चीफ इंजिनियर म्हणून उतरले, आणि आता इथे शहराच्या दुसऱ्या बाजूला, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये बसून घरातल्या मिक्सरपासून इमारतीच्या लिफ्टपर्यंत सगळ्याचे चीफ आहेत. बोट पश्चिम किनाऱ्यावरच्या एका यार्डात ट्रेलरवर असते. आमचं बुकित बातोकचं घर तिथून जवळ, म्हणून बोट समुद्रातून वर आली की तिचं इंजिन धुवायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचंही. मी पंपांचे रबरी सील बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं हे बघण्यात माझा जीव रमतो.

बोटीचं इंजिन समुद्राचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. ते ओढायला आत इंपेलर नावाचं रबरी पात्यांचं चाक असतं, तळहातावर मावेल एवढं. पाणी नीट फिरत असलं की इंजिनाच्या मागून एक बारीक पिचकारी उडते. परत आल्यावर पाणी शिरतं त्या खालच्या जाळीवर पाइपला जोडलेले रबरी कप लावायचे, नळ सोडायचा, इंजिन चालू करायचं आणि दहा मिनिटं त्या पिचकारीकडे बघत उभं राहायचं. आतलं मीठ धुऊन जातं. पाण्याशिवाय चालू केलं तर मात्र पाती कोरडी घासून दोन मिनिटांत जळतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादांनी जहाजावरच्या तीन जुन्या सोबत्यांना बोटीवर नेलं. आम्हीही होतो, मी, नवरा आणि आमची बारा वर्षांची मुलगी. जायचं होतं त्या बेटाजवळ पोचायच्या आत पिचकारी थांबली आणि अलार्म वाजायला लागला. दादांनी वाकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हिने मागच्या वेळी नीट धुतलं नाही. आत मीठ धरलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आठवायला लागले. त्या दिवशी फोन आला होता का? दहा मिनिटं झाली होती की सहा? आठवेना. मी म्हणाले, "चुकलं माझं, दादा. सॉरी." मग एका मच्छीमार बोटीने आम्हाला ओढत आणलं. दीड तास भर उन्हात माझ्याशी कुणी बोललं नाही. मुलगी एकदा माझ्याकडे आणि मग पाण्याकडे बघत बसली.

मेकॅनिककडे दादा एकटेच गेले आणि येऊन म्हणाले, मीठच होतं. तेव्हापासून जेवायला चार माणसं जमली की दादांचं ठरलेलं. "मीठ हवंय? हिच्याकडे मागा, भरपूर साठलंय." सगळे हसायचे, मीही हसायचे आणि आतून जळायचे. यार्डात पाइपला हात लावायची मला बंदी झाली. घरी मी भांडी घासत असले की मुलगी इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणायची, "मम्मी, रिन्स प्रॉपरली लाह." कारखान्यात मी एकेक सील तीनतीनदा तपासायला लागले. माझा माझ्या हातांवरचा विश्वास त्या माणसाने एका वाक्यात घालवला होता, आणि तो मला परत हवा होता.

यंदा दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. इंपेलर दरवर्षी बदलावा लागतो, पण त्यांना खाली बसता येईना आणि माझ्या नवऱ्याच्या हातात पाना दिला की तो आधी पायावर पाडतो. शेवटी मलाच फोन आला. "तू ये. मी सांगतो तसंच कर."

दादा प्लास्टिकच्या स्टुलावर कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पीत बसले आणि मी ओणवी होऊन बोल्ट काढले, इंजिनाचा खालचा भाग उतरवला, जुना इंपेलर ओढून काढला. खोटं कशाला बोलू, जुनाच परत बसवावा असं क्षणभर मनात आलं. पण नवा बसवला, ग्रीस लावून, पाती बरोबर वळवून.

"जुना फेकू नकोस," दादा म्हणाले. "स्पेअरच्या डब्यात टाक. टॅग लावून."

जहाजावरची माणसं काही फेकत नाहीत. काढलेल्या प्रत्येक वस्तूला टॅग बांधतात, कधी काढली, का काढली. डब्यात असे कितीतरी तुकडे होते, आणि तळाशी एका पिशवीत आणखी एक इंपेलर. पात्यांची टोकं वितळून चकचकीत झालेली, दोन पाती फाटलेली. रबर मला कळतं. मिठाने असं होत नाही. टॅगवर दादांच्या सुबक अक्षरात इंग्रजीत गेल्या दिवाळीची तारीख होती आणि पुढे, "कारण: ट्रेलरवर पाण्याशिवाय चालवलं, दोन मिनिटं. मीठ आढळलं नाही."

साऱ्या गोतावळ्याशी खोटं बोलणाऱ्या माणसाला टॅगवर मात्र खोटं लिहवलं नव्हतं. मी पिशवी खिशात घातली, नळ सोडला, इंजिन चालू केलं आणि पूर्ण दहा मिनिटं पिचकारीकडे बघत राहिले. इतकी गोड ती मला कधीच वाटली नव्हती.

नवऱ्याला टॅग दाखवला तर तो म्हणाला, "दादा वयाने मोठे आहेत, एकटे असताना बोल." पण माझा पाणउतारा काही एकांतात झाला नव्हता. मी दिवाळीपर्यंत थांबले.

सेरंगूनला जेवायला तेच तिघे सोबती होते. जाऊबाई मसालेभात वाढत होत्या. दादांनी तोंड उघडलं, "मीठ कमी वाटलं तर..." आणि मी पिशवी मुलीच्या हातात दिली. "वाच. मोठ्याने."

तिने वर्गात धडा वाचतात तसं खणखणीत वाचलं.

"अरे," एक सोबती म्हणाला, "आदल्या दिवशी आम्हाला दाखवायला चालू केलं होतंस ना ट्रेलरवर? तेव्हा पाणी लावलं नव्हतंस?"

दादांचे कान लाल झाले. जाऊबाई पातेलं धरून तशाच उभ्या. मला दया आली नाही, अजिबात नाही. मी मन भरून बघून घेतलं.

"कुठे मिळालं हे तुला?" दादांनी विचारलं.

"तुमच्याच डब्यात. आता सॉरी म्हणा, दादा."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

मुलगी अजून पिशवी उलटसुलट करून बघत होती. "म्हणजे तू नीट धुतलं होतंस?"

"हो."

"मग तू तेव्हा सॉरी का म्हणालीस, मम्मी?"

दादांनीही मान वर केली. वर्षभर मी त्यांच्यासाठी उत्तरं घासून धार लावून ठेवली होती. तिला मात्र साधंच सांगितलं, "ते म्हणाले, आणि मी माझ्या हातांना विचारलंच नाही."