सत्तर टक्के: दिब्ब्याच्या किनाऱ्यावर आईचं चीगाँग

आईला कायमचं दुबईत ठेवून घ्यायचं की परत नाशिकला जाऊ द्यायचं, याचा निकाल एका चिनी बाईने समुद्रकिनाऱ्यावर लावला, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय. निघताना मलाही तसं वाटलं नव्हतं. दुबईच्या करामा भागातल्या फ्लॅटमधून दोन दिवस बाहेर पडायला मिळतंय, एवढ्यावरच मी खूश होते.

गोष्ट दोन हजार दोनच्या हिवाळ्यातली. माझी आई नाशिकच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झाली. बाबा गेल्यानंतर ती तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची, आणि झकास राहायची. आदल्या दिवाळीत बाथरूममध्ये पाय घसरून पडली. हाड शाबूत राहिलं, डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही. पण तेव्हापासून तिला स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायलाही कुणाचा तरी हात लागायचा. मी एकुलती एक. तिला तडक व्हिजिट व्हिसावर घेऊन आले आणि मनाशी पक्कं केलं, आता परत पाठवायचं नाही. रेसिडेन्सचे फॉर्म आणून ठेवले होते. शनिवारी नितीन, म्हणजे माझा नवरा, टायपिंग सेंटरला जाऊन ते अरबीत टाईप करून घेणार होता. आईला विचारलं की ती नुसतं "बघू" म्हणायची. उत्तर निघाल्याशिवाय वर्ग न सोडणाऱ्या बाईंचं हे "बघू" मला अजिबात आवडत नव्हतं.

अल क्वोजला माझं ऑफिस होतं आणि शेजारी टाइल्सचं गोदाम. ते सांभाळणारी लिन ही पंचावन्नची चिनी बाई. सकाळी ट्रक यायच्या आधी ती दोन गोदामांमधल्या बोळात उभी राहून संथपणे हात वर-खाली करत चीगाँग हा चिनी व्यायाम करायची. गोदामातल्या पोरांकडून शिकलेलं तिचं हिंदी फर्डं होतं. आईचं ऐकून म्हणाली, "मम्मी को दिब्बा लाओ. गुरुवार-शुक्रवार. चीगाँग करेगा, समुद्र देखेगा, खाना खाएगा, खलास." दिब्बा हे पूर्व किनाऱ्यावरचं गाव; गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीत ती तिथे ओळखीच्या मंडळींना शिकवायची. शिकवण्याची फी काही नाही, फक्त खोली ज्याची त्याने बघायची आणि जेवण मिळून करायचं.

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. आम्ही तिघं, म्हणजे मी, नितीन आणि आमची अकरा वर्षांची मुलगी जुही, शिवाय आई. डब्यात थालीपीठं, लसणाची चटणी, दही. शारजाचं ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत शहराबाहेर पडा, हे जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं. पुढे धैदपर्यंत रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना लाल वाळू, मग मसाफीला डोंगर लागतात. भाजून काढल्यासारखे करडे, पण बघत राहावेत असे. दीड-दोन तासांचा प्रवास, टाकी एकदा भरली की जाऊन-येऊन पुरते.

मसाफीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार आहे. गालिचे, मातीची भांडी, रोपं, फळं. आम्ही उतरलो. आई गाडीतच बसली. "खाली दगडगोटे आहेत, मी इथूनच बघते," म्हणाली आणि काच खाली केली. भाजी घ्यायला निघाली की चार दुकानं पालथी घालणारी माझी आई पपयांकडे खिडकीतून बघत होती. मला भडभडून आलं. मी पपई घेतलीच नाही, उगीच गालिच्यांचे भाव विचारत बसले.

दिब्ब्याला किनाऱ्याजवळ साधी दोन खोल्यांची जागा मिळाली, रात्रीचे अडीचशे दिरहम. "तेरा गुणिले अडीचशे, तीन हजार दोनशे पन्नास रुपये," आई दारातच म्हणाली. "एका रात्रीचे? आणि पलंग हा असा?" तिचं डोकं पूर्वीसारखंच तल्लख होतं. अडचण गुडघ्यांच्या खाली कुठेतरी होती.

संध्याकाळी वाळूवर आम्ही दहा-बाराजण जमलो. पहिला धडा नुसतं उभं राहायचा. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे जरासे वाकवून, हात समोर मोठं भांडं कवेत घेतल्यासारखे. श्वास बेंबीच्या खाली जाऊ द्यायचा, रोखायचा नाही, मोजायचा नाही.

"अगं, ही तर खुर्ची," आई मला म्हणाली. "गृहपाठ न करणाऱ्यांना मी हीच शिक्षा द्यायचे."

"आजी, धिस इज कर्मा," जुही म्हणाली.

नितीनचं वेगळंच. तो रोज प्राणायाम करणारा, त्यामुळे त्याने छाती भरून श्वास घेतला, रोखला आणि लाल होऊन उभा राहिला. मधूनच मला कुजबुजला, "हे सगळं आपल्याकडूनच गेलंय तिकडे." लिनने त्याच्या पोटावर एक चापट मारली आणि म्हणाली, "हवा छोड़ो, भाईसाब. गुब्बारा नहीं बनना."

नितीनने तिला हेही विचारलं, की याने ब्लड प्रेशर बरं होतं का. आईची गोळी चालू होती ना. लिन चटकन म्हणाली, "गोली डॉक्टर बंद करेगा, मैं नहीं. मैं पैर मजबूत करेगी. नींद अच्छा आएगा. डर कम होगा." मला ती तिथेच आवडली. तिने कसलाही चमत्कार कबूल केला नाही.

शुक्रवारी पहाटे पुन्हा वाळूवर. दुबईला सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय, इथे तो समुद्रातून वर येतो. लिनने आठ हालचालींचा संच सुरू केला. दोन्ही तळवे आभाळाकडे उचलायचे, धनुष्य ताणल्यासारखा एक हात मागे ओढायचा, शेवटी टाचा उचलून हलकेच खाली सोडायच्या. आई पूर्ण जीव लावून करत होती. हात कानाला टेकायलाच हवेत, टाच जाईल तितकी वरच जायला हवी. लिन तिच्यापाशी आली.

"मम्मी, इतना नहीं. सेवंटी परसेंट करो. तीस घर में रखो."

"सत्तर?" आईने मराठीतच विचारलं, तोंड कडू करून. "म्हणजे डिस्टिंक्शनसुद्धा नाही?"

डिस्टिंक्शन पंचाहत्तरला मिळतं, हे लिनला कोण सांगणार. आमच्या घरात ब्याण्णव मिळाले की आठ कुठे गेले, हे विचारायची पद्धत. आईने मान डोलावली आणि पुन्हा शंभर टक्के टाचा उचलल्या. तोल गेला. मी धावले आणि दोन्ही हातांनी तिला पकडलं. ती पडली नव्हती, पण मी असं पकडलं की दोघीही जवळजवळ बसलोच.

लिनने मला बाजूला घेतलं. "तुम पकड़ता है, तो मम्मी का पैर सो जाता है," ती म्हणाली. मग माझे हात उचलून माझ्याच पोटावर ठेवले, माझं तोंड डोंगराकडे केलं आणि सांगितलं, ती बोलावेपर्यंत वळायचं नाही.

ती दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. पाठीमागे लाटा, मध्येच जुहीचा आवाज, आणि आईचा काहीच नाही. खरं सांगते, मला पहिल्यांदाच कळलं की घाबरलेली फक्त आई नव्हती, मीही होते. ती पडल्याचा फोन आला त्या दिवसापासून मी तिचा हात सोडलाच नव्हता. ती उठायच्या आत मी उठायचे. तिने पाऊल टाकायच्या आत माझा हात तिच्या कोपराखाली असायचा. यालाच मी काळजी म्हणत होते.

"अब देखो," लिन म्हणाली.

मी वळले. आई तीसेक पावलांवर पाण्याच्या कडेला उभी होती, साडी घोट्याच्या वर खोचून, पाय ओल्या वाळूत. जुही शेजारी होती, पण हात धरलेला नव्हता. पावलं छोटी टाकत, थांबत, पुन्हा टाकत आई माझ्याकडे परत आली.

"सत्तरमध्ये जमतंय," ती म्हणाली. जणू एखादं गणित सोप्या रीतीने सुटलं होतं.

नंतर सगळ्यांनी मिळून न्याहारी केली. आमची थालीपीठं, लिनच्या मंडळींचे वाफवलेले बन आणि कोवळा कांदा घातलेली अंडी. लिनने चटणी दोनदा मागून घेतली.

परतताना मसाफीच्या बाजारात दुपारच्या नमाजानंतर दुकानं उघडत होती. गाडी थांबल्यावर मी दार उघडायला धावणार, तेवढ्यात नितीनने माझा हात धरला. आई स्वतः उतरली. हळूहळू, प्रत्येक पावलाला जमीन चाचपत पपयांपर्यंत गेली. दुकानदार पठाण होता.

"कितने का?"

"दस दिरहम, अम्मा."

"एक सौ तीस रुपये का पपीता? भाईसाब, मैं नाशिक से आई हूँ."

सहा दिरहमला मिळाली. गाडीत बसल्यावर तिने मला बजावलं, "शनिवारी ते फॉर्म टाईप करायचे नाहीत. व्हिसाचे पाच आठवडे आहेत ना? मी रोज करते. जमलं तर घरी जाते. नाही जमलं तर तू सांगशील तिथे सही करते." हे "बघू" नव्हतं.

पाच आठवडे ती रोज सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभी राहिली. जादू झाली असं मी मुळीच म्हणणार नाही. बाथरूममध्ये ती अजूनही भिंत धरायची, गोळी तीच होती. पण पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं उभी राहणारी शेवटी पंधरा मिनिटं उभी राहायला लागली. झोप लागायला लागली. एक दिवस मी ऑफिसातून आले तर ती खालच्या ग्रोसरीतून कोथिंबीर घेऊन आली होती, एकटी. मी ओरडणार होते. स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

एअरपोर्टवर मला वाटलं ती व्हीलचेअर नाकारेल. तिने हसत हसत घेतली. "इथे फार लांब चालायचं आहे. हे तीस टक्के घरासाठी ठेवते," म्हणाली. ती नाशिकला परतली त्या दिवशी मी खूप रडले. फॉर्म अजून खणात आहेत, कोरे.

आता मी दर शुक्रवारी फोन करते. परवाही केला. भिंत धरतेस ना, गोळी घेतलीस ना, जिना उतरताना कठडा धरतेस ना, बाथरूममध्ये चटई टाकली आहेस ना. आईने सगळं ऐकून घेतलं.

"हे बघ," ती म्हणाली, "गच्चीवर सोसायटीच्या चौघीजणी थांबल्यात, त्यांना शिकवायचंय. तुला काळजीत शंभरपैकी शंभर पडताहेत. सत्तरवर ये."

आणि फोन ठेवला. मी प्रयत्न करते आहे. सध्या पंच्याऐंशीवर आहे.