पश्चिमेच्या भिंतीतल्या फटी

भिंगारला आम्हाला जे सरकारी क्वार्टर मिळालं होतं, त्याच्या तीन भिंती विटांच्या होत्या आणि पश्चिमेची लाकडी फळ्यांची. कुणीतरी पूर्वी ओटा बंद करून तिकडची खोली काढली असावी. ऊन लागून फळ्या आक्रसल्या होत्या आणि मधे करंगळी जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. बहात्तरचा दुष्काळ. दुपारी वारा सुटला की माळावरची माती त्या फटींतून घरात यायची. मी केर काढायची, तासाभराने पुन्हा काढायची. सासूबाईंना दमा, आणि त्यांची खाट नेमकी त्याच भिंतीला. दुसरीकडे जागा नव्हती.

यजमानांनी दुरुस्तीसाठी दोनदा अर्ज केला. मग एका रविवारी त्यांनी स्वतःच फटींत सिमेंट भरलं. आठ दिवसांत त्याच्या खपल्या खाली पडल्या. मग मी डांबर आणून भरलं. ते चैत्राच्या उन्हात पातळ होऊन आत ओघळलं आणि सासूबाईंच्या लुगड्याला लागलं.  त्या रॉकेलचा बोळा घेऊन डाग चोळत बसल्या. मला रडूही आलं नाही, इतकी मी दमले होते. पहाटेपासून पाण्याच्या रांगेत उभी होते.

समोरच्या क्वार्टरमध्ये आपल्या लेकीकडे एक म्हातारे राहायचे. त्यांचा जन्म रंगकामात गेला होता, आता हात थरथरत. एक दिवस ते काठी टेकत आले आणि भिंतीकडे बघत राहिले.

"शिमिट का भरलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"घट्ट बसेल असं वाटलं, बाबा."

"लाकूड उन्हात आखडतंय, पावसात फुगतंय. शिमिट जागचं हालत न्हाई, मग सुटतंय. डांबर बी हितं कामाचं न्हाई. लुकण लाव. खडूची भुकटी अन् जवसाचं तेल."

"तेवढ्याने भागेल?"

"आदी फटीला नुसतं तेल पाज, न्हाईतर कोरडं लाकूड लुकणातलं तेल पिऊन टाकंल. मग ताग ठासायचा, वरून लुकण. अन् समद्यात खालची फट बुजवू नको. आत शिरलेलं पानी निघाया वाट पायजे."

जुनं डांबर आणि सिमेंट सुरीने खरवडण्यातच माझ्या दोन दुपारी गेल्या. तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी परातीत खडूची भुकटी आणि तेल घेऊन बसले, तर सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "आण इकडे. कणिक मळायला मला अजून येतं."

"धाप लागेल तुम्हाला."

"पडून राहिले तरी लागतेच."

त्यांनी थांबत थांबत मळलं. गोळा मऊ झाला, बोटाला चिकटेनासा झाला, तेव्हा परात माझ्याकडे सरकवली. हात पोचेल तिथवरच्या फटी मी तेल पाजून, ताग ठासून भरल्या, सगळ्यात खालची तेवढी मोकळी ठेवली. वरच्यांना हात पोचेना. संध्याकाळी यजमान कामावरून आले, चहाही न घेता स्टुलावर चढले. मी खालून गोळे देत होते, ते अंगठ्याने दाबत होते.  दोघांच्याही अंगात त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी येऊन एका फटीवरून हळूच बोट फिरवलं. "लुकणावर साय धरली की रंग मार. आठ-धा दिस लागतील," म्हणाले. बाकी कौतुक काही केलं नाही.

त्या दुपारीही वारा सुटला. दाराखालून माती आली, खिडकीतूनही आली, पण खालची फट सोडली तर पश्चिमेच्या भिंतीतून आली नाही. सासूबाईंचा खोकला गेला नाही, कमी मात्र झाला. एरवी मातीमुळे त्या भिंतीला पाठ करून झोपायच्या, त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी केर तसाच ठेवला आणि त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर आडवी झाले. किती वेळ झोपले कोण जाणे. जाग आली तेव्हा त्या उठून चुलीपाशी बसल्या होत्या आणि माझ्यासाठी चहा गाळत होत्या.