बेटावरच्या शाळेला मामांनी मागितलेली उचल

"ओ साब! पहले उचल बोलो, उचल! बाकी बातां बाद में!"

मामांचा हा आवाज माझ्या उजव्या कानाशी फुटला आणि मोबाइलच्या पडद्यावर, पार समुद्रापलीकडे बसलेले हेडमास्तर खुर्चीसकट मागं सरकले. मामांच्या आवाजाबद्दल एवढंच सांगतो, की ते सिरसाळ्याच्या बाजारात खाकरले तर माजलगावच्या धरणातले मासे तळ गाठतात. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला माझा मोबाइल थरथरला आणि आडवा झाला. मी तो उभा केला. हेडमास्तर अजून होते. हे विशेष.

मुलाखत चालू होती. मालदीवच्या एका बेटावरची सरकारी शाळा, इंग्रजीच्या शिक्षकाची जागा. मुलाखत इतकी सुरेख चालली होती की मला माझाच हेवा वाटत होता. वाचायला कंटाळणाऱ्या पोरांना कसं शिकवाल, यावर मी असं काही बोललो की हेडमास्तर लिहून घेत होते. मग शेवटी त्यांनी साधा प्रश्न विचारला, "तुम्ही सिंगल येणार की कपल? राहायची खोली त्यावर ठरते."

झालं. मामांना इंग्रजीतले शब्द मोजकेच कळतात, पण त्यातले दोन नेमके या वाक्यात होते.

मामा जन्मभर मुकादम. म्हणजे ऊसतोडीला माणसं जमवायची, हंगामाआधी त्यांना उचल म्हणून आगाऊ पैसे द्यायचे आणि टोळी घेऊन कारखान्यावर जायचं. या धंद्यात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. तेव्हा 'कपल' ऐकल्याबरोबर मामांना वाटलं, इथं कोयता ठरतोय. आणि उचल ठरल्याशिवाय कोयता ठरत नाही, हे आमच्या बीड जिल्ह्यात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

"ये अर्धा कोयता है साब!" मामा माझ्या खांद्यावरून पडद्यात घुसले. "पर काम पूरे का करता!"

वय बत्तीस, एम.ए., बी.एड., माजलगावच्या ज्युनिअर कॉलेजात तासांवर इंग्रजी शिकवणारा मी. आणि परदेशात माझी पहिली ओळख झाली ती अर्धा कोयता म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, मामांना मुलाखतीत बसवलंच कशाला? बसवलं नाही हो. ते बसले. आणि तो हक्क त्यांनी कमावला होता, हीच तर माझी पंचाईत.

त्याआधी मला एक एजंट भेटला होता. काचेचं ऑफिस, थंडगार हवा, भिंतीवर विमान. आखातातल्या मोठ्या शाळेत नोकरी, राहणं फुकट, जेवण फुकट, बहुतेक श्वाससुद्धा फुकट. मी गावभर सांगून मोकळा झालो. आईनं शेंगदाण्याची चटणी एवढी कुटली की शेजारच्या वस्तीवर तीन दिवस शिंका चालू होत्या. आणि मग मामा आले, चहा घेतला आणि म्हणाले, "उचल किती देतो?"

"तो देत न्हाई, मामा. फाइलचे पैसे आपण भरायचे."

मामांनी कप खाली ठेवला. "मजूर मुकादमाला उचल देतो व्हय रे? कोन्त्या गावची रीत ही?"

"मामा, ऊस तोडाया न्हाई चाललो. शिकवाया चाललोय."

"मानूस नेतो ना तुमचा तो?"

"नेतो."

"मग मुकादमच की!"

मी त्यांना परदेशातल्या शिक्षणव्यवस्थेवर अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बरं. तिथून परत आलेला, न्हाईतर तिथं असलेला येक गडी दाखव म्हनावं."

एजंटानं हसत हसत एका शिक्षकाचा नंबर दिला. गेली चार वर्षं त्याच शाळेत आहेत, म्हणाला, तुमच्याच भागातले. मामांनी स्पीकर लावून फोन केला. पलीकडचा माणूस शाळेचं गुणगान करू लागला. समुद्र काय, पगार काय, मुलं तर देवाची लेकरं. मी मामांकडं विजयी मुद्रेनं पाहत होतो. मामांनी मध्येच विचारलं, "सर, तुमच्या मागं घुंगरं कशाची वाजायलीत?"

गुणगान थांबलं. आणि मागं छुन छुन छुन. रसवंतीचा चरक फिरत होता. एजंटाच्या ऑफिसाखालीच एक रसवंती होती. मी स्वतः तिथं दोन ग्लास रस प्यालो होतो.

"आखातात कवा निघाली बे रसवंती?" मामा गरजले आणि फोन तुटला. तो नंबर त्यानंतर कधीच लागला नाही. एजंटाचाही नाही.

"तुमाला कसं कळलं, मामा?"

"टोळी भरताना म्या बी असे दोन गडी पाळलेते," मामा शांतपणे म्हणाले. "माझे गडी रसवंतीपशी बसत न्हवते, येवढंच."

दुसऱ्या एजंटानं थेट नेमणूकपत्रच पाठवलं. त्यावर सिंह, गरुड, मुकुट, तलवारी असे शिक्के होते. नोकरी शाळेची होती की सर्कशीची, ते कळत नव्हतं. मामांनी विचारायला लावलं की तुमच्या टोळीत आणखी कोण कोण आहे. उत्तर आलं, "तुम्हीच आमचे पहिले भाग्यवान शिक्षक." मामांनी ते पत्र आईला दिलं. आईनं त्यावर पापड वाळवले.

म्हणून मग मी एजंटांचा नाद सोडून थेट तिथल्या सरकारची जाहिरात शोधली. पैसे कुणी मागत नव्हतं. पगार लिहिलेला, कामाचे तास लिहिलेले, सुट्या लिहिलेल्या. माझ्या पदव्या खऱ्या आहेत का, हे त्यांनी विद्यापीठाला विचारलं, तेव्हा मला रडूच आलं. माझ्यावर संशय घेणारे पहिलेच भेटले होते. सरळ माणसं होती. ही जागा गेली तर पुन्हा तासांवर, पुन्हा 'सर, पगाराचं पुढच्या महिन्यात बघू'.

पण मामांना आता चव लागली होती. "मुलाखतीला मी बसनार."

"बसा. पण तोंडातून ब्र काढायचा न्हाई."

"तुझी शपथ."

मामांनी आजवर माझ्या इतक्या शपथा मोडल्यात की मी जिवंत कसा, हे खरं तर दवाखान्यात दाखवायला पाहिजे.

तर, मामा पडद्यात घुसले आणि माझी बोबडी वळली. हेडमास्तरांनी चष्मा पुसला, परत घातला आणि चक्क हिंदीत विचारलं, "आप कौन?" त्या बेटांवर म्हणे घरोघर हिंदी सिनेमे बघतात. माझा शेवटचा आधार होता की यांना मामांचं काही कळणार नाही. तोही गेला.

"लड़के का मामा! और मुकादम भी!" मामांनी मला कोपरानं बाजूला केलं. "पहलेवाला मास्टर कायकू गया?"

"उसकी माँ बीमार थी. केरल का था. उसका नंबर देता हूँ, बात कर लीजिए."

"उधर रसवंती तो नहीं ना?"

"क्या?"

"कुछ नहीं. पासपोर्ट किसके पास रहेंगा?"

"उनका है, उनके पास रहेगा."

दाराआड उभी असलेली आई हळूच पुढं सरकली. तिनं कळवळून म्हटलं, "दादा, हळू बोल की रे, मानूस घाबरंल." मामांनी ऐकलं नाही. पण पुढचा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज आपोआप उतरला.

"और बीमार पड़ा तो? घर कौन लाके छोड़ेंगा?"

ऊसतोडीच्या धंद्यात हा प्रश्न कुठून येतो, ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. हेडमास्तरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, दवाखाना शेजारच्या बेटावर आहे. होडीनं मीच घेऊन जाईन, याआधी नेलंय. जास्त झालं तर घरी पाठवायचं तिकीट सरकारचं, तसं करारात आहे.

आईनं तोंडात धरलेला पदर सोडला.

"और उचल?"

"एडवांस नहीं देते. आने का टिकट भेजते हैं."

मामा माझ्याकडं वळले आणि, देवाशपथ सांगतो, जन्मात पहिल्यांदा कुजबुजले. "भाच्या, मानूस खरा हाय."

मी सुटकेचा श्वास सोडायला घेतला. तो अजून अर्धा आत होता, तेवढ्यात मामा ताडकन उठले, "जमेंगा नहीं साब!" असं ओरडले आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

पडदा काळा. आणि माझी बोंब.

"मामा! कामून? कामून तोडलं?"

"सौदा चांगला हाय म्हनून," मामा पागोटं सारखं करत म्हणाले. "चांगल्या सौद्यावरून उठायचं असतं, येड्या. वाईट सौद्यावर बसून चहा प्यायचा. आता आपन गेटवरच्या हॉटेलात जायचं. कारखान्याचा क्लार्क मागनं बोलवाया येतो. म्या तीस वर्सं असंच केलंय."

"मामा, मधी समुद्र हाय! क्लार्क काय पोहत येतोय?"

"चल, चहा पिऊ."

माझा मोबाइल त्यांनी बंडीच्या खिशात घातला, कारण आपण होऊन फोन करणं म्हणजे भाव पाडणं. आणि एका हातानं मला दंडाला धरून चौकातल्या हॉटेलात नेलं. मी इतका चिडलो होतो की मला ओढत न्यायला दोन बैल लागले असते, पण मामांना एकच हात पुरला.

हॉटेलवाल्यानं माझा चेहरा पाहिला. "काय सर, मोडलं का स्थळ?"

"मोडलं न्हाई. लटकवलंय," मामा म्हणाले. "दोन चहा."

"पोरीकडचे कुठले?"

"मालदीवचे."

"लई लांब हाय. पान्याचं कसं तिकडं?"

"चारी बाजूनं पानी!" मी ओरडलो. "आन् माझ्या डोक्यावरून बी!"

चहा आला, संपला, दुसरा आला. मी विनवण्या केल्या, शिव्या देता येत नव्हत्या म्हणून गिळल्या, एकदा खिशाकडं हात नेला तर मामांनी तो माशी झटकावी तसा झटकला. मुकादमाच्या खिशातून काही काढून घेतलेला माणूस अजून जन्माला यायचाय. तिकडं हेडमास्तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला फोन लावत असणार; तो माझ्या डोळ्यांसमोर टाय बांधून, मामाशिवाय बसलेला मला स्पष्ट दिसत होता.

आणि फोन वाजला.

"बघ, आला क्लार्क!" मामांनी फोन कानाला लावला. सगळं हॉटेल कान देऊन ऐकू लागलं. पलीकडून एक बाई गोड हिंदीत बोलत होती. मामांचा चेहरा उजळत गेला. "हां... हां... बिना गारंटी?... कित्ता?... लाख में?" त्यांनी फोनवर तळवा ठेवला आणि छाती फुगवून मला म्हणाले, "लाखांत उचल देतो म्हनतेत बे!"

"मामा, ती कर्जवाल्या कंपनीची बाई हाय! रोज येतो तो फोन!"

मामा गोंधळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पकड सैल झाली, आणि मी मोबाइल हिसकावून जो पळालो तो थेट गावच्या शाळेच्या मैदानात, चिंचेखाली जाऊन थांबलो.

हेडमास्तरांना फोन लावला. त्यांनी उचलला. आणि मी सुरू झालो. आठ वर्षं पोरांना जे इंग्रजी व्याकरण शिकवलं ते सगळं त्या पाच मिनिटांत धारातीर्थी पडलं. मी माफी मागितली. मुकादम म्हणजे काय ते सांगितलं, उचल सांगितली, कारखान्याचं गेट सांगितलं, गेटवरचं हॉटेल, क्लार्क, घुंगरं, रसवंती, सिंह, गरुड. माझे मामा वाईट नाहीत, त्यांना फक्त चांगल्या सौद्यावर बसवत नाही, हे सांगितलं. हेही सांगितलं की तुमच्याइतका खरा माणूस आम्हाला या सगळ्या भानगडीत भेटला नव्हता, आणि म्हणूनच तुमचा फोन कापला गेला. हे वाक्य इंग्रजीत बोलून बघा एकदा. माणसाला वेड लागल्याशिवाय बोलता येत नाही.

मी थांबलो. मामा धापा टाकत मैदानात पोचले होते आणि लांबूनच हातानं 'तिकीट दोन्ही बाजूचं माग' अशी खूण करत होते. फोनमध्ये लाटांचा आवाज येत होता. मग हेडमास्तर बोलले.

"ते ठीक आहे. माझा प्रश्न तसाच राहिलाय. एकटे येणार की जोडीनं?"