अळणी तारे

वरवट बकालहून लग्न होऊन मी जानेफळला आले, तेव्हा माझ्या हातचं पहिलं वरण अळणी झालं. माहेर खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणीच खारट, म्हणून स्वयंपाकात मीठ नावालाच घालायचं, ही हाताला लागलेली सवय. इकडचं पाणी गोडं. "मीठ टाकाले विसरली का वं?" म्हणून नवऱ्याने चिडवायला जी सुरुवात केली, ती अजून चालूच आहे. अहो, विसरले नव्हते मी! पण नव्या सुनेचं ऐकतो कोण? पुढे माझी धाकटी बहीण याच घरात जाऊ म्हणून आली आणि तिचंही वरण अळणी झालं, तेव्हा कुठे सासूबाईंना पटलं. "हे या दोघीयच्या माहेरच्या पाण्याचं हाय," त्या म्हणाल्या. नवरा मात्र ऐकेल तर शपथ.

आमची लेक पुण्यात ताऱ्यांचा अभ्यास करते. ताऱ्याचा उजेड फोडून त्याच्यात काय काय मिसळलेलं आहे ते वाचते. तारा ज्या ढगातून जन्मतो, त्याचे गुण जन्मभर अंगात वागवतो म्हणे.

यंदा दिवाळीला आली ती तोंड पाडूनच. तिला एक म्हातारा तारा सापडला होता, त्याच्यात मॅग्नेशियम फारच कमी. तिचं म्हणणं, हा मूळचा आपल्या आकाशगंगेतला नाहीच. आकाशगंगेनं कधीकाळी गिळलेल्या एखाद्या लहानशा दीर्घिकेतून, म्हणजे ताऱ्यांच्या दुसऱ्या वस्तीतून, आलेला आहे. वरिष्ठांचं म्हणणं, मोजण्यात चूक झाली असेल. तसं ठरलं तर पोरीची सगळी मेहनत पाण्यात.

"मंग आता?" मी विचारलं.

"त्याच्यासंगं त्याच वाटेनं चालणारे आणखी तारे हायेत, आई. दुसऱ्या दुर्बिणीतून त्यायले तपासून राह्यले. तेही तसेच निंघाले तर चूक नाही. मंग ते सगळे एकाच गावचे."

"म्हंजे मावशी आल्याबिगर तुह्यं कोणी ऐकत नाही," मी म्हटलं.

आल्यापासून पहिल्यांदा ती खळखळून हसली.

जिथं माणूस कधी पोचायचा नाही, तिथल्या ताऱ्याचं माहेर ही पोर नुसत्या उजेडावरून शोधते. मला तिचं फार फार कौतुक वाटतं. आणि खरं सांगू, त्या ताऱ्याचा थोडा हेवाही वाटला. त्याची बाजू घेऊन भांडायला कुणीतरी होतं.

ती पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी, आम्ही जेवत असताना तिचा फोन आला. "आई, सगळेच अळणी!" ती ओरडत होती, आणि मला रडूच कोसळलं.

"काय झालं वं?" नवरा घाबरला.

"तिचा तारा मीठ विसरला नव्हता," मी डोळे पुसत म्हटलं.

त्याने वरणाच्या वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू बी नव्हती विसरली," तो म्हणाला.