मधूचा अर्धवट तास

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बडनेऱ्याच्या फलाटावर आलुबोंडा खात उभा होतो. पलीकडून, अकोल्याहून, सुषमावहिनी एवढंच म्हणाल्या, "बंडूभाऊ, हे गेले. पेपर वाचता वाचता मान टाकली." आणि मी, जो कुठल्याही प्रसंगी किमान वीस मिनिटं बोलू शकतो, तो हातात अर्धा आलुबोंडा धरून नुसता उभा राहिलो. मधूनं ते पाहिलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. "पाहा बे, बंद पडला हा एकदाचा!" असं फलाटभर ओरडला असता...

अमरावतीत आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटर दुरुस्तीचा क्लास चालवायचो. म्हणजे शिकवायचा तो, आणि जाहिरात, गप्पा व टाळ्या हे खातं माझं. पहिल्या दिवशी तो कॉम्प्युटरचा डबा उघडून टेबलावर ठेवायचा आणि पोरांना विचारायचा, "लग्नाची पंगत पाह्यली का? मंग तुमाले सगळं येते. प्रोसेसर म्हंजे आचारी. रॅम म्हंजे पत्रावळ, जेवन झालं का साफ. हार्ड डिस्क म्हंजे कोठीची खोली, तिथलं सामान राह्यते. अन् ऑपरेटिंग सिस्टीम?" इथं तो फळा पुसायचं फडकं खांद्यावर टाकून ऐटीत दोन फेऱ्या मारायचा. "हा मांडवातला मामा! सोता रांधत नाही, पन कोनाच्या पानात काय अन् कवा वाढाचं, हे तोच सांगते. तो रुसला तं आचारी हाय, बुंदी हाय, पाव्हणे हाय, पन जेवन नाही!" पोरं हसून लोटपोट व्हायची आणि मी मागच्या बाकावरून मामाचा जयजयकार करायचो.

मामा रुसला की माझा इलाज एकच होता: सगळं पुसा आणि नवी सिस्टीम टाका. तासाभरात काम फत्ते. एकदा नांदगाव खंडेश्वरचे एक निवृत्त गुरुजी आपलं यंत्र घेऊन आले. मधू बाहेर गेला होता. मी बाह्या सरसावल्या, फॉर्मॅट मारला आणि विजयी मुद्रेनं म्हणालो, "घ्या गुरुजी, नवं कोरं!" गुरुजींनी पडदा पाहिला आणि हळूच विचारलं, "अन् माही कोडी?" गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून, एका बोटानं टाइप केलेली शेकडो कोडी होती त्यात. सगळी गेली. आणि बिघाड काय, तर आतली एक वायर सैल झालेली.

मधूनं गुरुजींपुढे हात जोडले. "चूक आमच्या क्लासची," म्हणाला. माझं नावसुद्धा घेतलं नाही. पुढचे कितीतरी रविवार तो नांदगावला जाऊन गुरुजींना आठवतील तितकी कोडी टाइप करून देत होता. मला मात्र त्यानं पोरांबरोबर पहिल्या बाकावर बसवलं. चाळिशीला टेकलेला भागीदार, समोर वही! "लिही बंडू. पह्यले पाह्य, दुखनं अंगाचं हाय का डोक्याचं. डोकं म्हंजे सिस्टीम, ते बिघडलं तं बहुतेक एकाच जागी अडते. अंग म्हंजे आतले पार्ट, ते बिघडले तं कुठंबी लटपटते. अन् समजल्याबिगर पुसाचं नाही." मी लिहिलं. तीन वेळा लिहायला लावलं त्यानं.

पुढे तो अकोल्याला राहायला गेला आणि क्लास मिटला. तो वारला त्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा वहिनींचा पुन्हा फोन आला. "भाऊ, त्याईचं यंत्र निळं पडून राह्यलं. आपल्या बोलीत क्लासचे तास बोलून रेकॉर्ड करून ठेवत होते त्याच्यात. दुसरीकडं कुठंच आवाज नाही त्याईचा." मग म्हणाल्या, "मी इसरून राह्यली, भाऊ. चेहरा दिसते, आवाज नाही येत."

दुसऱ्याच दिवशी मी अकोल्याची गाडी धरली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत गप्पा सोडून वहीतला मधूचा धडा घोकला. माझ्या ओळखीच्यांना ही बातमी खरी वाटणार नाही.

मधूच्या खोलीत पाहतो तर काय, कूलरचं तोंड थेट यंत्रावर! ओल्या हवेनं आतलं सगळं खराब होतं, म्हणून मधूनं याच गोष्टीसाठी अर्ध्या वऱ्हाडाला झापलं होतं. मी म्हणालो, "वहिनी, हे कोणी केलं?" "त्याईनंच. म्हने, मले गरमी चालते, त्याले नाही चालत." मी पोटभर हसलो, त्याही हसल्या... मग मी यंत्र सुरू केलं. निळा पडदा. पुन्हा केलं, आता अडलं दुसऱ्याच ठिकाणी. तिसऱ्यांदा तिसरीकडे. म्हणजे दुखणं अंगाचं. चुकलो असतो तर या वेळी हात जोडायला मधू नव्हता, म्हणून आधी प्लग काढला आणि मगच डबा उघडला. रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात काळवंडले होते. वहिनींनी शेजारून खोडरबर आणलं. घासून पट्टी पुन्हा बसवली आणि यंत्र सरळ उठलं.

मधूच्या तासांतली शेवटची फाइल लावली. "हं, तं पोरंहो, आज मदरबोर्ड..." वहिनींनी पदर तोंडाशी नेला. पाच-सात मिनिटांत मधू रंगात आला होता, तेवढ्यात मागून वहिनींचीच हाक: "अहो, चहा थंडा होऊन राह्यला!" "आलो, आलो." खुर्ची सरकली. तो रेकॉर्डिंग बंद करायला विसरला होता. मग नुसती रिकामी खोली, आणि लांबून, स्वयंपाकघरातून, दोघांचं अस्पष्ट बोलणं.

मी पुढे सरकवायला हात नेला. वहिनींनी तो धरला. खुर्ची ओढून त्यांनी कान अगदी स्पीकरपाशी नेला.

"काय बोलत असन आमी?"

"शब्द कळत नाहीत, वहिनी."

"भांडून तं नाही राह्यलो न?"

मी आवाज पूर्ण वाढवला आणि दोघांनी ऐकलं. कपबशी वाजली, मधू काहीतरी म्हणाला आणि एक बाई खळखळून हसली.

"नाही," मी म्हणालो.

"मंग तेवढंच पुन्हा लावा."