जाऊबाईची काडीमोड

देवकाबाई वकिलाकडे जायच्या आधी अंगणात बसून पोटभर रडून घ्यायची. मग तोंड धुऊन, लुगडं आवळून बैलबंडीत बसायची आणि हिंगणघाट गाठायची. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "वकिलापाशी रडलं तं त्याचेई पैसे लागते. रडाले आपलं आंगन हाय." ती माझी मोठी जाऊ. अल्लीपूरच्या एकाच घरात आम्ही दोघा भावांना दिलेल्या, आणि दोघींचे संसारही एकाच सुमाराला मोडले. तिचा नवरा सट्ट्यात बुडालेला, माझ्याने दुसरी बाई ठेवलेली.

तिच्याबद्दलचा माझा जळफळाट तेव्हापासूनचा, आणि तो निवला असं मी म्हणणार नाही. दिसायला मी उजवी, माहेर माझं मोठं, तरी माणसं ऐकायची तिचंच.

वकील दोघींचा एकच. घटस्फोटाचा नवा कायदा नुकताच आला होता. तो म्हणाला, कोर्टात जाता येईल. पण तुमच्या जातीत पंचांपुढे काडीमोड चालत आली आहे, ती या कायद्यानेही मोडीत काढलेली नाही. देवकाने तेवढं नीट समजून घेतलं आणि पुन्हा त्याच्या दारात गेली नाही. पंच बसले तेव्हा तिने नवऱ्याला आधी बोलू दिलं. तो तोंडाला येईल ते बोलत होता, ऐकून माझं डोकं तापलं. शेवटी देवका म्हणाली, "दोष कोनाचा ते लिहू नोका. माह्या बापानं देल्लं वावर माह्यं, बाकी त्याचं." दोघांनी गवताची काडी मोडली, पंचांनी चहा घेतला, संपलं.

मला मात्र नवऱ्याचं पाप सरकारी शिक्क्यानिशी लिहून हवं होतं. वर्ध्याला दावा लावायचं ठरवलं तेव्हा देवकाने विचारलं, "तुले सुटाचं हाय का जिंकाचं?"

दोन्ही, मी म्हटलं.

"मंग वावर इकाची तयारी ठेवजो."

दर तारखेला साक्षीदारांना वर्ध्याला न्यायचं, खाऊ घालायचं, आणि तारीख पुढे गेली की परत आणायचं. वकिलाची फी वेगळीच. माझ्या बापाने चोळीबांगडीसाठी दिलेलं वावर त्यात विकावं लागलं. मी जिंकले, आणि कापूस वेचायला देवकाच्याच वावरात जाऊ लागले. 'सांगितलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडून मोकळी तरी झाले असते.

ती गेली तेव्हा तिचा सोडलेला नवरा न बोलावता आला. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत मला म्हणाला, "चांगली बाई होती."

माझ्या बाजूने निकाल देताना न्यायाधीशांनी माझ्याबद्दल एवढंही म्हटलं नव्हतं.